ट्रायपॉड घेऊ का मोनोपॉड? आधी कुठं उभा राहणार ते सांग भौ

लग्नाचा सीझन संपला की आमच्या चिमूरकडच्या फोटोवाल्या पोरांच्या हातात चार पैसे येतात आन् मग फोन सुरू होतात, भाऊ ट्रायपॉड कोणता घेऊ. कॅमेरा घेताना हेच लोक महिनोन्महिने यूट्यूब पाहतात, लेन्ससाठी नागपूरला सीताबर्डीत दुकानं पालथी घालतात, आन् ट्रायपॉड मात्र सेलमध्ये जो स्वस्त दिसला तो, पाचवं गिऱ्हाईक असल्यासारखा. मग जंगलात गेल्यावर कळते की तो उघडायलाच जागा नाही. तर माझ्याकडं सध्या जे काही आहे, एक जाड पायाचा अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, एक मोनोपॉड म्हणजे एकाच पायाचा, टेलरकडून शिवलेल्या बीनबॅगा म्हणजे लेन्स टेकवायच्या धान्य भरलेल्या पिशव्या, एक वाकड्या पायाचा छोटा आन् लग्नासाठी गिंबल, म्हणजे मोटरनं कॅमेरा सरळ धरणारी दांडी, या सगळ्याचं जसं आहे तसं सांगतो. कोणी फुकट पाठवलेलं नाही, सगळं घरच्या पैशाचं आहे, त्यामुळं कोणाची भीड नाही.

पहिले जंगल, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच वाया जातात.

ताडोबात जिप्सीत सहा पर्यटक, वरून गाईड आन् ड्रायव्हर. खाली उतरायची परवानगी नाही. आता यात तीन पाय कुठं फाकवणार? एक पाय तुमच्या सीटखाली, एक पुढच्याच्या पाठीला आन् तिसरा शेजारच्या काकूंच्या पर्सवर. आन् समजा फाकवला तरी गाडी स्प्रिंगवर उभी असते, मागच्या सीटवरचा माणूस नुसता वळला तरी अख्खी बॉडी डोलते, मग तुमचा दहा हजाराचा ट्रायपॉडही तिच्यासोबत डोलते. मोनोपॉडचं पण तेच, गाडीच्या फ्लोअरवर टेकवला की इंजिनची थरथर थेट लेन्समध्ये येते. लोक म्हणतात मोनोपॉड पोटाला किंवा सीटच्या गादीवर टेकवा, हाव, थोडा फरक पडते, पण दोनतीन तास सफारी करून पाहा तसं आन् मग सांगा.

जिप्सीत बीनबॅगच. दुसरं काही नाही. गाडीच्या लोखंडी बारवर बॅग टाकायची, त्यावर लेन्स ठेवून वरून हलका हात दाबायचा, लेन्स आपली जागा स्वतः करून घेते. आतलं धान्य थरथर खाऊन टाकते म्हणून इंजिन चालू असलं तरी ट्रायपॉडपेक्षा बरा फोटो येते, तरीपण ड्रायव्हर भाऊला आधीच सांगून ठेवा की जनावर दिसलं की गाडी बंद करायची, आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर ऐकतात.

रेडिमेड बीनबॅग ऑनलाइन मिळते, हजार-दोन हजाराच्या घरात, आन् बहुतेक रिकामीच येते. मी गावच्या टेलरकाकांकडून शिवून घेतली. जुन्या जीन्सचे दोन पाय कापले, मध्ये पट्टा ठेवून दोन्हीकडं दोन पोती करायला सांगितली म्हणजे बारच्या एका बाजूला एक आन् दुसऱ्या बाजूला एक लटकते, मधल्या खोलगट भागात लेन्स बसते. काकांनी माप घेतलं, कापड उलटंसुलटं करून पाह्यलं आन् म्हणे, "पोरा, हे खोगीर कोणाच्या घोड्यावर टाकतं बापा?" पण काम असं चोख केलं की आजवर टाका उसवला नाही. त्यांना दोन गोष्टी मात्र सांगाव्या लागल्या, शिलाई डबल मारायची आन् चेन बारीक दातांची नाही तर जाड लावायची, काहून की धान्याचं वजन सगळं चेनीवर येते. शिलाई किती घेतली ते सांगत नाही, तुमच्या टेलरचा भाव बिघडेल.

आता आत काय भरायचं, यावर मी खूप डोकं लावलं. आपला कापसाचा मुलूख म्हणून सरकी भरून पाहिली, फुकटात होती. सरकीला बारीक तंतू चिकटलेले असतात त्यामुळं दाणे एकमेकांवरून घसरतच नाहीत, बॅगचा गठ्ठा होते आन् लेन्स वर नुसती ठेवल्यासारखी राहते, बसत नाही. वरून मे महिन्यात तेलकट वास. थर्माकोलचे दाणे हलके असतात पण दाबले की परत उसळतात आन् कर्रकर्र आवाज करतात, वाघ राहू द्या, हरीण पण कान टवकारते. तांदूळ चांगला, वजनदार. तूर पण चांगली, गोल दाणा मस्त सरकते, पण तुरीचा भाव पाहता कॅमेऱ्याखाली ठेवायला जीवावर येते. मी शेवटी ज्वारीवर आलो. दाणा बारीक, गोल, भरताना गच्च भरायची नाही, पाऊण भरायची, गच्च भरली की ती बीनबॅग राहत नाही, वीट होते. १५०-६०० एमएमसारखी लांब झूम लेन्स असेल तर तीन-चार किलो धान्य लागते, छोट्या ७०-३०० ला त्याच्या अर्ध्यात भागते.

दोन कटकटी आहेत. ज्वारीत सोंडे होतात, म्हणून सफारी झाली की धान्य काढून उन्हात टाकायचं आन् परत भरताना कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायचा. आन् पाण्यापासून जपायचं. पावसाळ्यात कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद असते पण बफरमध्ये म्हणजे बाहेरच्या पट्ट्यात लोक जातात, एकदा आत पाणी गेलं की चार दिवसात बॅगमधून मोड आलेच समजा. वरून रेक्झिनचं कव्हर शिवलं तर पाणी जात नाही पण लेन्स घसरते, म्हणून खालून रेक्झिन आन् वरून जीन्स असं करा. आन् बॅग सुतळीनं बारला बांधा. खडकाळ रस्त्यावर उडाली आन् खाली पडली तर उतरून उचलता येणार नाही, आन् जंगलात धान्य सांडणं तर बिलकुल बरोबर नाही.

बीनबॅग सगळं करते असंही नाही. वाघ गाडीच्या उजवीकडून डावीकडं गेला की तुम्हाला चार किलोचं ओझं उचलून पलटी मारावी लागते, तोवर दोन माणसं मध्ये उभी राहिलेली असतात. आन् बॅगनं हात स्थिर होते, वाघ स्थिर होत नाही. ४०० एमएमची लेन्स क्रॉप बॉडीवर म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असेल तर ती ६०० सारखी वागते, म्हणून हातात धरून १/६०० सेकंदाच्या आसपास तरी शटर स्पीड पाहिजे असा साधा हिशोब आहे. बसलेल्या वाघाचा मी बॅगवरून १/१२५ ला पण कडक फोटो काढला आहे, पहाटे उजेड नव्हता म्हणून, पण चालत्या वाघाला बॅग असो का काही असो १/५०० च्या खाली जाऊ नका, पंजा हललेला येते. आन् मागच्या सीटवर कोणी चिवड्याची पिशवी काढली तर काहीच चालत नाही.

मोबाईलवाल्यांनी मोबाईलचं स्टँड विचारू नका, ताडोबात मोबाईल आत नेऊ देत नाहीत.

पायी फिरून पक्षी काढायचे असतील तर गोष्ट पूर्ण बदलते. आपल्याकडं भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडं गावोगावी मामा तलाव आहेत, जुने मालगुजारी तलाव, हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात. तलावाच्या पाळीवर चालत राहायचं, थांबायचं, परत चालायचं. इथं मोनोपॉड. मोनोपॉडचं मुख्य काम वजन उचलणं आहे हे लोकांना समजतच नाही. दोन-अडीच किलोची लेन्स अर्धा तास डोळ्याला लावून खंड्याची वाट पाहून दाखवा, हात थरथरायला लागते. मोनोपॉडनं वरखालचं हलणं जवळपास थांबते, डावीकडं-उजवीकडं डोलणं राहते, ते तुमच्या दोन पायांनी सांभाळायचं, पाय फाकवून उभं राहा आन् मोनोपॉड किंचित पुढं टेकवा म्हणजे तुमचे दोन आन् त्याचा एक. मोनोपॉड कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या कॉलरला म्हणजे लेन्सवरच्या कड्याला लावायचा. कॅमेऱ्याला लावला तर जड लेन्स पुढं झुकते आन् सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर.

गोंदियाकडं धानाच्या बांध्यात सारस दिसतात, महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाच. तिथं लोक रोवणीच्या दिवसांत ट्रायपॉड घेऊन धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभे राहतात, उंचच उंच, आन् मग म्हणतात पक्षी उडाला. अरे उडणारच नं. दूर राहा, बसा, लेन्स खाली आणा. खाली आणायला सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे घमेलं. घमेल्यात बीनबॅग ठेवायची, तिच्यावर लेन्स, आन् आपण धुऱ्यावर पोटावर झोपायचं, घमेलं चिखलावरून हळूहळू पुढं सरकते, लेन्सला माती लागत नाही. याच कामाचं रेडिमेड प्लॅस्टिकचं भांडं विदेशात ग्राउंड पॉड म्हणून विकतात. धुऱ्यावर बायका रोवणी करून येत होत्या, एक मावशी म्हणाली, "भाऊ, तुले काय झालं? चक्कर आली का?" मी म्हटलं नाही मावशी, फोटो काढून राह्यलो. "मंग झोपून काहून काढतं?" बरं, शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाय ठेवू नका, आन् पावसाळा हा सारसाचा घरट्याचा काळ असते, घरटं दिसलं तर फोटो नकोच, परत फिरा.

शंकरपट, म्हणजे आपली बैलजोड्यांची शर्यत. सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये परवानगी कायम ठेवली तेव्हापासून आपल्याकडं परत जोरात सुरू आहे. बैलजोडी पळते तेव्हा सगळे १/२००० ला फोटो काढतात, बैल हवेत थांबलेले, चाकं थांबलेली, वेग कुठंच दिसत नाही. मोनोपॉड घ्या, १/६० वर या, जमलं तर १/३० वर, आन् जोडीसोबत कंबरेतून वळा. मोनोपॉडमुळं लेन्स वरखाली होत नाही, फक्त आडवी फिरते, मागची गर्दी सगळी ओढल्यासारखी येते आन् बैलाचं तोंड कडक. लेन्सवर स्टॅबिलायझरचा मोड २ असेल तर तो लावा, तो याच कामाचा आहे. दहातले आठ फोटो बेकार येतील, येऊ द्या. ट्रायपॉड इथं आणूच नका, गर्दी पायात अडकून पडते आन् बैल बिथरले तर तुम्हाला पळायचं आहे, तीन पाय घेऊन पळणार का?

झाडीपट्टीच्या म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकाला पण मोनोपॉडच, काहून की रात्रभर नाटक चालते, मागं लोक बसलेले असतात, ट्रायपॉड उभा केला की मागून आवाज येते, "ए फोटोवाले, बस ना खाली!" मोनोपॉड छोटा करून खुर्चीवर बसून काढता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, स्टेजच्या स्वस्त एलईडी लाइटनं फोटोत पट्टे येतात, आपली लाइन ५० हर्ट्झची आहे म्हणून स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवला तर बहुतेक वेळा पट्टे जातात. आता १/१०० ला लांबून नटाचा चेहरा काढायचा तर आधार लागणारच, म्हणून मोनोपॉड.

मग ट्रायपॉड कशाला? अंधारासाठी, आन् जे हलत नाही त्याच्यासाठी. लोणार घ्या. ते विवर १.८ किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, काठावर उभं राहिलं की साध्या लेन्समध्ये बसतच नाही, तुकड्या-तुकड्यात काढून जोडावं लागते आन् त्याला कॅमेरा लेव्हलमध्ये फिरायला पाहिजे. आन् एप्रिल-मेच्या अमावस्येला तिथं काठावरून आकाशगंगा काढायची तर २०-२५ सेकंद शटर उघडं. ५०० ला फोकल लेंग्थनं भागा, २० एमएम लेन्सला फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २५ सेकंद येतात, त्याच्या वर गेलं की तारे लांबुळके होतात, मी तर १५ वरच थांबतो, आजकालच्या कॅमेऱ्यात २५ ला पण झूम केलं की रेघ दिसते. इथं हात, मोनोपॉड, बीनबॅग कोणीच कामाचं नाही. मात्र लोणारचं दैत्यसूदन मंदिर किंवा आपलं मार्कंड्याचं मंदिर, अशा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते, न विचारता उघडला की चौकीदार येतोच. तिथं बॅग ओट्यावर ठेवून, दोन सेकंदाचा टायमर लावून काम होते.

ट्रायपॉड घेताना दुकानात करायची एक टेस्ट सांगतो, दुकानदाराला राग येते पण करा. तुमचा कॅमेरा आन् तुमची जड लेन्स घेऊन जा. ट्रायपॉड पूर्ण उंच करा, लाइव्ह व्ह्यू चालू करून समोरच्या बोर्डवरच्या अक्षरावर दहापट झूम करा आन् मग एका बोटानं पायाला टिचकी मारा. अक्षर किती वेळ नाचते ते पाहा. चांगल्या ट्रायपॉडवर लगेच थांबते, बेकारवर नाचतच राहते. नंतर मधली दांडी वर करून परत टिचकी मारा, डोळे उघडतील. मधली दांडी म्हणजे ट्रायपॉडवर मोनोपॉड ठेवल्यासारखं आहे, म्हणून दांडी वर न करता डोळ्यापर्यंत येते असाच उंचीचा घ्या. खोक्यावर लिहिलेलं वजन, ८ किलो झेलते, १० किलो झेलते, त्यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपल्या मनानं मोजते. तुमच्या सामानाच्या दुप्पट-तिप्पट लिहिलं असेल तर ठीक समजायचं. आन् सगळ्यात खालचा पाय पेन्सिलएवढा बारीक असेल तर सोडून द्या, बाकी काही पाहू नका.

हजार-पंधराशेवाले ट्रायपॉड, ज्यावर हँडल आन् प्लॅस्टिकचं डोकं म्हणजे कॅमेरा बसवायचा भाग फिट असते, ते मोबाईलसाठी, छोट्या लाइटसाठी चालतात. लग्नात मी असाच एक लाइट लावायला वापरतो. डीएसएलआर आन् जड लेन्स लावली की त्याचं डोकं हळूहळू खाली मान टाकते, तुम्ही फ्रेम लावा, स्क्रू कसा, हात सोडा, फ्रेम खाली. थोडे पैसे जमवा आन् पाय वेगळे, डोकं वेगळं असा घ्या, डोकं ३/८ इंची स्क्रूवर बसते, उद्या बदलता येते. फोटोला बॉल हेड, व्हिडिओला फ्लुइड हेड, लांब लेन्सला झुल्यासारखं गिंबल हेड, जे मोटरवाल्या गिंबलपेक्षा वेगळं असते, नाव एकच पाहून ऑर्डर करू नका. कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट आर्का-स्विस पद्धतीचीच घ्या, बहुतेक कंपन्यांची एकमेकांत बसते. बेनरो, सिरुई, व्हॅनगार्ड, मॅनफ्रोटो, नाव कोणतंही घ्या, टिचकी टेस्ट सगळ्यांनाच.

कार्बन का अॅल्युमिनियम? पैसे असतील आन् पायी फिरणं असेल तर कार्बन, हलका असते आन् थरथर लवकर मरते. पण आमच्याकडं आणखी एक कारण आहे. चंद्रपूरच्या मे मधल्या ४५-४६ डिग्रीत दुपारभर गाडीत पडलेल्या अॅल्युमिनियमच्या पायाला हात लावून पाहा, कार्बन तेवढा चटका देत नाही. मी माझ्या अॅल्युमिनियमच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे, दिसायला भंगार दिसते, पकड मस्त येते.

काळ्या मातीचं वेगळंच. पावसाळ्यात आपल्या कापसाच्या रानात ट्रायपॉड ठेवला की तो खाली जातच राहते, फोटो काढेपर्यंत एक बाजू बोटभर खचलेली. पायाखाली सपाट दगड किंवा कवेलूचे तुकडे ठेवा. आन् चिखलात उघडताना वरचे जाड भाग नंतर, खालचा बारीक भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे जोड चिखलाच्या वर राहतात. एकदा फिरवायच्या लॉकमध्ये माती गेली की मग प्रत्येक वेळी कर्र कर्र. घरी आल्यावर पाय खोलून ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, त्यात घरचं खोबरेल तेल ओतू नका, धूळ आणखी धरते. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग अडकवा पण बॅग जमिनीला टेकलेली पाहिजे, हवेत लटकली तर तीच झुलून ट्रायपॉड हलवते. स्टॅबिलायझर ट्रायपॉडवर बंद करा, जुन्या लेन्सेस तर नक्कीच, नसलेली थरथर शोधत बसतात.

गिंबल लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी घ्यावा, पण दोन गोष्टी समजून. एक, तो कॅमेरा वाकडातिकडा होऊ देत नाही, पण तुम्ही चालताना वरखाली उड्या मारता ती उडी तो घेत नाही, म्हणून गुडघे वाकवून, टाच आधी टेकवत चालायचं. दुसरं, बॅलन्स न करता चालू केला तर मोटर गरम होते, बॅटरी जाते आन् ऐन मंगलाष्टकात मान टाकते. वरातीत डीजेसमोर एक तास गिंबल धरला की खांदा बोलते, म्हणून मी वरातीत गिंबल, आन् मांडवात बसल्यावर खाली तीन छोटे पाय असलेला व्हिडिओ मोनोपॉड वापरतो. एकाच माणसाला दोन्ही परवडत नसतील तर मोनोपॉड आधी घ्या, गिंबल भाड्यानं मिळते.

वाकड्या पायाचा छोटा, गोरिलापॉडसारखा, त्याचं फार सांगायसारखं नाही. कुंपणाला, झाडाच्या फांदीला गुंडाळायला बरा, पावसाळ्यात सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या किंवा किडेमकोडे काढताना जमिनीलगत बरा. वजन जास्त दिलं की सांधे ढिले होतात. कॉपी करणाऱ्यांचे तर फार लवकर. मोबाईल किंवा छोट्या मिररलेसपुरता ठेवा.

जुना ट्रायपॉड मिळत असेल तर बिनधास्त पाहा, यात कॅमेऱ्यासारखं शटर संपत नाही. प्रत्येक पाय पूर्ण उघडून लॉक करा आन् वरून आपलं वजन टाका, सरकला तर लॉकचा रबर किंवा शिम म्हणजे आतली पातळ पट्टी गेलेली आहे, भाव पाडा. कार्बनवर खोल चीर असेल तर घेऊ नका, अॅल्युमिनियमला पोचा असेल तर पाय आत जाते का ते पाहा. प्लेट आहे का ते आधी विचारा, जुन्या वस्तूसोबत प्लेटच हरवलेली असते आन् आर्का नसली तर ती शोधता शोधता तुमचा पुढचा सीझन येईल.